टाटा २०७: करूळ घाटात मागचा ब्रेक पाइप फुटला. जोड ठेवू की अख्खी लाइन बदलू?

खारवारा_२०७ (देवगड)

नमस्कार मंडळी. गाडी टाटा २०७ डीआय, २००७ सालची. मी तिसरा मालक, आठ वर्षं झाली. एप्रिल-मे आंब्याच्या पेट्या, बाकी वर्षभर मासळी. देवगड, तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, कोल्हापूर, आठवड्याला तीन फेऱ्या. इंजिनाबद्दल एक अक्षर तक्रार नाही.

गेल्या बुधवारी कोल्हापुरात माल उतरवून रिकामे क्रेट घेऊन येत होतो. गगनबावडा मागे टाकलं, उतार लागला, आणि एका वळणावर ब्रेकचं पेडल भसकन खाली गेलं. दोनदा-तीनदा मारल्यावर थोडं वर आलं, परत गेलं. पुढची चाकं जेमतेम धरत होती, मागची नाहीतच. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक, आणि जागा बघून कडेला लावली. पोट अजून त्याच वळणावर आहे.

खाली शिरून बघितलं. डिझेलच्या टाकीमागे, जिथे पत्र्याची पट्टी मारून पाइप चासीला धरलाय, तिथून ऑइल गळत होतं. पट्टी उचकली तर पाइपाचा पापुद्रा नखाबरोबर निघाला. मासळीच्या बर्फाचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच झिरपतंय, दुसरं काय होणार.

उरलेला घाट पहिल्या गिअरात उतरलो. क्लीनर मागे हौद्यात हातात दगड घेऊन बसला होता, थांबलो की उडी मारून चाकाखाली लावायला. खाली एका गॅरेजवाल्यानं कुजलेला तुकडा कापून मध्ये पितळी जोड टाकला, आत रिंग असते तो, वरून नट आवळायचा. म्हणाला, आता दहा वर्षं बघायला नको. तीन दिवस झाले, गळत नाही. पण मला झोप नाही.

हा जोड राहू दिला तर चालेल का? आणि अख्खी लाइन बदलायची तर पाइप मिळणार कुठे? इकडच्या दुकानात 'ऑर्डर द्यावी लागेल' एवढंच ऐकायला मिळतं. हायड्रॉलिक होज बनवणारा एक जण म्हणतो, मागचा रबरी होज पण जुना दिसतोय, जेसीबीचा पाइप लावून देतो, हत्ती ओढला तरी तुटणार नाही.

आणखी एक, वेगळं दुखणं आहे पण सांगून ठेवतो. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी डिझेलचा हातपंप मारल्याशिवाय सुरू होत नाही. डिझेल कुठेही गळताना दिसत नाही. पासिंग पुढच्या महिन्यात आहे.

चाकरमानी (घाटकोपर)

एवढं कशाला डोकं लावतोस? एखाद्या रविवारी मुंबईला ये. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारात निघालेल्या गाड्यांचं सगळं मिळतं, अख्खा पाइप सेट उतरवून घे, क्लिपांसकट. माझ्या मामांनी त्यांच्या जुन्या जीपचा असाच उभा केला. ऑपेरा हाउसला नवे पार्टही मिळतील, पण तिथे भाव करायला घसा पाहिजे.

जुना_फिटर (कोल्हापूर)

भावा, पहिलं काम, तो जोड काढ. पुढचं नंतर वाच.

पितळी रिंगचा जोड पाण्याच्या नळाला ठीक, कमी दाबाच्या डिझेल लाइनला एक वेळ ठीक. ब्रेकला नाही. तुझ्या मागच्या टायरात हवा असते चार बारच्या आसपास. जोरात ब्रेक मारलास की त्या बारक्या पाइपात शंभर बारपर्यंत दाब जातो. रिंग पाइपाला नुसती आवळून धरते, पाइपाचं तोंड काही तिच्यात अडकलेलं नसतं. रोजच्या हलक्या ब्रेकला ती गप्प बसेल. ज्या दिवशी समोर म्हैस येईल आणि तू जीव खाऊन पाय मारशील, त्या दिवशी सटकेल. म्हणून 'तीन दिवस गळत नाही' ह्याला काही अर्थ नाही. आणि ते पाइप जिथे कापलंय त्याच्या वीतभर पुढे-मागे गंज नाही असं तुला कोण म्हणालं? सगळा पाइप एकाच पाण्यात भिजलाय.

कुर्ल्याचं ऐक, पण अर्धं. तिथून ब्रॅकेट आण, क्लिपा आण, तीनतोंडी जोड चांगला दिसला तर आण. वापरलेला ब्रेक पाइप आणि वापरलेला रबरी होज फुकट दिला तरी घेऊ नको. पाइप वळवून काढताना तोंडं बिघडतात आणि आतून किती कुजलाय ते वरून दिसत नाही. जीपवाल्या मामांना नमस्कार सांगा, त्यांचं नशीब बरं.

नवीन पाइप तयार मिळतो का, तर काही लांबीचे मिळतात. कंपनीच्या पार्ट काउंटरवर गाडीचं नाव सांगू नको, चासी नंबरचा फोटो दाखव. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार लाइन बदललेली असते, नंबरावरनं बरोबर पार्ट निघतो. पण लांब लाइन नाहीच मिळाली म्हणून अडायचं कारण नाही, आम्ही उद्यमनगरात हेच करत आलो. ब्रेकसाठीचा स्टीलचा पाइप गुंडाळीत मिळतो, बाहेरून पावणेपाच मिलिमीटर, वर गंज न लागायचा मुलामा. मीटरवर घ्यायचा, नट घ्यायचे, तोंड फुगवायचं. एसीवाल्याकडचा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून पुष्कळ जण तो लावतात. तसलं करू नको. तांबं हादऱ्यानं कडक होत जातं आणि एक दिवस नटाच्या मुळाशी चिरतं.

माप कसं घ्यायचं? जुना पाइप अख्खा काढ, तुटला तरी तुकडे जमिनीवर मांड आणि त्याच्या वळणावळणानं जाड तार लाव. नुसती टेप लावून आलास तर फूटभर कमी पडणार. मग तार घेऊन ये. येताना जुन्या पाइपाची दोन्ही टोकं नटासकट आण, हे विसरू नको.

टोकं का, तर तोंडं दोन तऱ्हेची असतात. एक नरसाळ्यासारखं पसरलेलं, कडा आत दुमडून दुहेरी केलेलं. दुसरं बोंडासारखं, गोल फुगलेलं. ज्या भोकात पाइप बसतो त्यात टॉर्च मारून बघ. आत मधोमध सुळका वर आलेला दिसला तर नरसाळं, खोलगट वाटी दिसली तर बोंड. एकाच्या जागी दुसरं आवळलं तर बसल्यासारखं वाटतं. मग गळतं, मग माणूस अजून आवळतो, मग आतली बैठकच जाते आणि मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो, बदलायची पाळी येते.

नटाचंही तसंच. दहा मिलिमीटरचा, आट्यांत एक मिलिमीटर अंतर असलेला नट आणि तीन-अष्टमांश इंची, इंचाला चोवीस आट्यांचा नट शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ. इंची नट मिलिमीटरच्या भोकात ढिला जातो आणि दाब आला की आटे घेऊन बाहेर येतो. हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

आता त्या जेसीबीच्या होजचं. दाबाच्या हिशोबानं तो खोटं बोलत नाही, तो होज ब्रेकपेक्षाही जास्त दाब सोसेल. घोळ रबरात आहे. त्या होजच्या आतलं रबर बहुतेक नायट्राइल असतं, खनिज तेलासाठी बनवलेलं. ब्रेक ऑइल हे तेल नाहीच. ते ग्लायकॉल असतं, म्हणून पाण्यात विरघळतं. नायट्राइल त्याच्यात फुगतं, मऊ पडतं, आणि आतून फुगलेला होज एकेरी व्हॉल्व्हसारखा वागायला लागतो. पाय मारलास की ऑइल पुढे जातं, पाय काढलास तरी परत येत नाही, चाक धरून बसतं, ड्रम तापतो. लोक मग चाकातले व्हील सिलेंडर बदलत बसतात. पॉवर स्टीअरिंगची दाबाची लाइन त्याच्याकडून खुशाल करून घे, ते त्याचं काम आहे. ब्रेकचा होज ब्रेकचाच घे, नवा, आणि त्याच्यावर छापलेली तारीख बघून घे. दुकानात पाच वर्षं टांगलेला नको.

डिझेलचं उद्या लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

खारवारा_२०७

काका, तुम्ही लिहिलंत आणि मी गाडी अंगणात उभी केली. तीन भाडी दुसऱ्याला दिली. बायको म्हणाली, हे बुधवारीच करायचं होतं.

पाइप काढायला घेतला. पुढच्या तीनतोंडी जोडापासून मागच्या होजपर्यंत तारेनं साडेनऊ फूट भरला. तोंडं नरसाळ्याची आहेत, आत सुळका दिसतो. पण मागच्या होजकडचा नट गोल झालाय, पाना फिरतो, नट नाही. आमचा मेस्त्री म्हणतो, तापवून काढू. तोच म्हणतो नवा पाइप लावायच्या आधी डिझेलनं धुऊन घेऊ, म्हणजे आतला कचरा जाईल. करू का?

आणि मागच्या ॲक्सलकडे चासीवर एक व्हॉल्व्ह आहे, त्याची दांडी स्प्रिंगनं ॲक्सलला जोडलीय. ती जाम आहे. त्याचं काय करतात?

तारकर्ली_ते_टोरांटो

मूळ मालवणचा, आता कॅनडात. मध्येच बोलतो, कारण इकडे हा रोजचा विषय आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांच्या पिकअपचे ब्रेक पाइप नेमके तुमच्यासारखेच, क्लिपेखाली, सडतात. माझ्याही गाडीचे गेले. इथे बरेच जण आता तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पाइप लावतात, त्यात सुमारे दहा टक्के निकेल असतं. साध्या तांब्यासारखा तो चिरत नाही, गंजत नाही आणि हातानं वाकतो. भाव स्टीलपेक्षा बराच जास्त. मुंबईत चौकशी करून बघा, मिळाला तर मासळीच्या गाडीला तोच घाला.

आणि पाइपावर नट आधी ओवून घ्या, मग तोंड फुगवा. मी दोनदा उलटं केलंय. दुसऱ्यांदा शेजाऱ्यासमोर.

जुना_फिटर

टोरांटोवाले बरोबर बोलले. नटाचं तर आमच्यातही दर पोराचं एकदा होतंच.

भावा, मेस्त्रीला म्हणावं डिझेलनं धुऊ नको. रॉकेल नको, पेट्रोल नको. ब्रेकमधले रबरी वायसर ब्रेक ऑइलला सोसतात, खनिज तेलाला नाही. पाइपात राहिलेलं दोन थेंब डिझेलसुद्धा मास्टर सिलेंडरचे वायसर फुगवायला लागतं. कॉम्प्रेसरनं हवा मार, मग थोडं नवं ब्रेक ऑइल आतून सोडून फेकून दे. पाइप कापायचाही कटरनं, हॅकसॉनं कापलास तर लोखंडाचा कीस आत जातो आणि बरोबर व्हील सिलेंडरात जाऊन बसतो.

गोल नट तापवायचा नाही, कारण रबरी होज चिकटून आहे आणि ब्रेक ऑइल पेटतं. पाइप नाहीतरी टाकायचाच आहे, तर नटाच्या तोंडाशी कापून काढ. म्हणजे सहा बाजूंचा बॉक्स पाना पूर्ण बसतो. होजही नवा येणार असेल तर विषयच संपला, दोन्ही एकदम काढ.

ती दांडी म्हणजे लोडचा व्हॉल्व्ह. हौद्यात वजन आलं की चासी खाली बसते, दांडी वर ढकलली जाते, मग मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असताना कमी, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन शेपूट फिरेल. जाम झाला असेल तर कुठल्या जागी जाम झालाय ते नशिबावर. हातोडा मारू नको. दांडीची जोडणी साफ करून हलते का बघ, आतूनच धरला असेल तर व्हॉल्व्ह नवा. आणि खरं सांग, मागे स्प्रिंगचे पाटे वाढवलेस ना? मासळीवाले सगळे वाढवतात. जादा पाटे घातले की भरलेली गाडीही खाली बसत नाही, आणि व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामाच आहे. दोन टन माल आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा. पुस्तकातलं माप बघून दांडी परत सेट करून घे.

एअर, म्हणजे ब्रेक लाइनमधली हवा, काढताना मागची चाकं जॅकवर लटकत ठेवू नको, त्याच व्हॉल्व्हमुळे. चाकं जमिनीवर टेकलेली पाहिजेत. मास्टर सिलेंडर ड्रायव्हरकडे आहे, म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक पहिलं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव. जुन्या सिलेंडरात पिस्टन रोज जेवढा फिरतो तेवढाच भाग गुळगुळीत असतो. त्याच्या पुढे गंज बसलेला असतो, आणि पेडल तळाला नेलंस की वायसर त्याच्यावरून घासून फाटतो. दुसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, पाइप नवा टाकला आणि मास्टर कसा गेला?

ऑइल झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ३ असेल तर डॉट ४ चालतं. घाटात जाणाऱ्यानं ते घालावंच, कारण नवं डॉट ३ कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ कमीत कमी २३० पर्यंत. पाणी शोषून जुनं झालं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. उघडी राहिलेली अर्धी बाटली वापरू नको. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धू, नाहीतर रंग सोलून निघतो.

आता डिझेल. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे डिझेल खेचणाऱ्या पंपापर्यंतची लाइन ओढणारी आहे, ढकलणारी नाही. तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून गळती दिसत नाही आणि रात्रभरात डिझेल टाकीत परत उतरतं. टाकीकडून येणाऱ्या लाइनीत, पंपाच्या आधी, वीतभर पारदर्शक नळी घाल आणि गाडी चालू करून बुडबुडे बघ. दिसले तर टाकीकडे एकेक जोड मागे सरकत जा. सापडलं की ती नळी काढून टाक, डिझेलनं ती कडक होते आणि तीच पुढे चिरते. बँजो बोल्टचे, म्हणजे डिझेल पाइप धरणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वायसर नवे घाल. नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाक, परत मऊ होतात. डिझेलला नायट्राइल रबरच पाहिजे बरं का, ब्रेकच्या बरोबर उलटं.

खारवारा_२०७

उशिरा लिहितोय, पण झालं.

कोल्हापूरला एसटीनं गेलो, तार खांद्याला अडकवून. कंडक्टरनं विचारलं, अँटेना का? काकांच्या दुकानी नाही जमलं, ते त्या दिवशी गावी होते, पण उद्यमनगरातच दुसऱ्या एकानं पाइप करून दिला. तांबं-निकेलचा तिथे मिळाला नाही, मुलाम्याचं स्टीलच घेतलं. त्यानं बोंडाचं तोंड काढायला घेतलं होतं, मी जुनं टोक पुढे केलं तेव्हा साचा बदलला. टोक नेलं नसतं तर दुसरी फेरी होती.

पाटे वाढवलेत, होय. दोन. कबूल. व्हॉल्व्हची दांडी साफ केल्यावर सुटली, माप लावून घेतलं.

एअर काढताना मागच्या डाव्या चाकाचं हवा सोडायचं निपल मुळातून तुटलं. व्हील सिलेंडरच नवा आणावा लागला, त्यात दोन दिवस गेले. उजवीकडचा पण कडेला ओला दिसला म्हणून तोही बदलला. ठोकळा ठेवला होता. पेडल आता वरच धरतं.

डिझेलच्या नळीत बुडबुडे दिसले, पहिल्या मिनिटालाच. वॉटर सेपरेटरकडे येणाऱ्या रबरी पाइपाला क्लिपेनं आतपर्यंत कापलं होतं, वरून काही कळत नव्हतं. सोमवारपासून पहिल्या सेल्फला सुरू होते.

एक विचारायचं राहिलं, काका. आमच्याकडे पावसाआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारतात, गंज लागू नये म्हणून. मारू ना?

जुना_फिटर

चासीला मार, पाट्यांना मार. ब्रेकचे होज, डिझेलचे रबरी पाइप, रबरी बुशा, ह्यांना आधी प्लॅस्टिकची पिशवी बांध. ड्रमच्या आसपास जाऊच नको. आणि मासळी उतरली की रोज गोड्या पाण्यानं खालून धू, त्या पट्ट्यांच्या मागे पाइप घालून. क्लिपा लावताना पाइप आणि पट्टीच्या मध्ये रबर घातलंस का?

खारवारा_२०७

जुन्या ट्यूबचे तुकडे घातलेत. काल करूळ घाट भरल्या गाडीनं चढलो आणि रिकामी घेऊन उतरलो. दगड अजून हौद्यात आहे, क्लीनर टाकू देत नाही.